स्टॉपलॉस उडाला आणि मग भाव वर गेला

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी एकोणतीस वर्षांचा आहे, नोकरी करतो. वर्षभर चार्ट बघतोय, त्यातले आठ महिने खऱ्या पैशांनी. भांडवल एक लाख होतं, आता बहात्तर हजार उरलेत. मी बेशिस्त नाही. एका सौद्यात एक टक्क्याच्या वर धोका घेत नाही. चार्टवर मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, आरएसआय, एमएसीडी, स्टोकॅस्टिक असे सगळे इंडिकेटर (भावावरून काढलेले निर्देशक) लावतो आणि सगळ्यांचा होकार आला तरच घेतो. तरी घेतलं की पडतं, विकलं की वर जातं.

दुसऱ्याच महिन्यातला एक सौदा डोक्यातून जात नाही. एक शेअर पाच आठवडे 398 ते 412 मध्ये अडकला होता. दिवसाला सात-आठ पॉइंट हलायचा. 412 फोडून वर निघाला तेव्हा मी 419 ला 200 शेअर घेतले आणि 414 चा स्टॉपलॉस (भाव तिथवर पडला की आपोआप विकायचा आदेश) लावला. दुसऱ्या दिवशी भाव 413 पर्यंत आला, मला बाहेर काढलं आणि तीन आठवड्यांत 461 ला गेला. दुसऱ्या एका शेअरचा आरएसआय 30 च्या खाली गेला म्हणून घेतला, आणखी पडल्यावर आणखी घेतला. तो अजून अंगावर आहे.

कोणी मुद्दाम आमचे स्टॉपलॉस उडवतं का? की मला चार्ट वाचताच येत नाही? आणि नोकरी सोडून दिवसभर लक्ष दिलं तर जमेल का? (अरे-तुरे केलंत तर बरं वाटेल.)

उत्तर

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी आलेखाचा कागद घेतला आणि तू दिलेल्या आकड्यांवरून तो 419 चा सौदा पेन्सिलीने काढून बघितला. खाली 398 ची रेघ, वर 412 ची, मधे पाच आठवडे. मग 419 ला तुझी खरेदी आणि 414 ला स्टॉपलॉस. कागदावर काढल्याबरोबर जे दिसलं ते आधी सांगते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही बरीचशी तिथेच आहेत.

तुझा स्टॉपलॉस 412 च्या वर होता.

तू 412 फुटला म्हणून घेतलंस. म्हणजे तुझं म्हणणं असं की आता हा शेअर जुन्या पट्ट्यात परत जाणार नाही. मग 414 ला हे म्हणणं खोटं ठरतं का? नाही ठरत. भाव अजून छताच्या वरच आहे. 413 लासुद्धा वरच आहे. तुझं वाचन बरोबर असतानाच तू बाहेर पडलास. चार्ट तू नीट वाचलास. स्टॉपलॉस मात्र चार्ट बघून लावला नाहीस, तो 200 या आकड्यावरून आला.

हिशेब कर. एक लाखाचा एक टक्का म्हणजे हजार. 200 शेअर घ्यायचे हे मनात आधीच ठरलं होतं, मग हजार भागिले 200 म्हणजे पाच पॉइंट. 419 मधून पाच गेले, 414. एक टक्क्याचा नियम तू पाळलास, पण उलट्या टोकाने. जो शेअर रोज सात-आठ पॉइंट हलतो त्याला तू पाच पॉइंटांच्या खोलीत कोंडलंस. त्याने काहीही विशेष केलं नसतं, नेहमीसारखा एक दिवस काढला असता, तरी तुझा स्टॉपलॉस लागलाच असता.

सुरुवात दुसऱ्या टोकाने करायची. आधी चार्टला विचारायचं की माझं म्हणणं कुठे मोडलं असं धरू? इथे काहीजण म्हणतील 397, म्हणजे सगळा पट्टाच तुटला तर. काहीजण 405 धरतील, पट्ट्याचा मध्य, कारण भाव तिथवर परत आला तर ब्रेकआउटमध्ये, म्हणजे पट्टा फोडून वर निघण्यात, दम नव्हता. मी बहुधा 405 धरला असता. आता 419 आणि 405 यांत अंतर 14. हजार भागिले 14 म्हणजे 71 शेअर. 397 धरलं तर अंतर 22, म्हणजे 45 शेअर. दोन्हीकडे धोका तोच, हजाराचा. 413 चा धक्का दोन्हीकडे पचला असता. 461 ला 71 शेअरवर जवळजवळ तीन हजार मिळाले असते, 45 वर एकोणीसशेच्या आसपास. शेअर कमी वाटतात, सौदा मोठा वाटत नाही, हे मला माहीत आहे. ही सवय लागायला मला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत माझे स्टॉपलॉसही तुझ्यासारखेच उडत होते.

म्हणून कुणी मुद्दाम उडवतं का, या तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. तुझ्या एकट्याच्या 200 शेअरच्या मागे कुणी नाही. पण तुझ्यासारख्या पुष्कळांनी त्याच जागेच्या आसपास स्टॉपलॉस लावलेले असतात, कारण तुम्ही सगळे तोच चार्ट बघताय. ठळक रेघेच्या जरा वर, जरा खाली, गोल आकड्यांच्या कडेला. भाव तिथे पोचला की ते विक्रीचे आदेश एकामागोमाग सुटतात आणि कॅन्डलला, म्हणजे चार्टवरच्या त्या दिवसाच्या उभ्या खुणेला, खाली लांब शेपटी लागते.

आणि भाव फुटलेल्या रेघेपर्यंत परत येतो, हे तर रोजचंच आहे. ज्यांनी पाच आठवड्यांपूर्वी 412 ला घेतलं आणि मग 398 बघितलं, ते 'एकदाचे माझे पैसे सुटू देत' म्हणत बसलेले असतात. भाव 412 च्या वर गेला की ते विकतात. ज्यांनी 410-412 ला विकलं आणि मग 419 बघितलं, त्यांना चुटपुट लागलेली असते. भाव खाली आला की ते पुन्हा घेतात. ज्यांनी 412 ला मंदीचा सौदा केला होता (आधी विकायचं, भाव पडल्यावर परत घ्यायचं), तेही आपल्या भावाला सुटायला बघतात, म्हणजे तेही खरेदीच करतात. सपोर्ट (जिथे पडणं अडतं) आणि रेझिस्टन्स (जिथे चढणं अडतं) म्हणतात ते एवढंच आहे: त्या भावाला कुणाचं तरी काहीतरी अडकलेलं असतं. म्हणून ती रेघ केसाएवढी बारीक कधी नसते. मी तिथे पेन्सिल आडवी धरून पट्टाच रंगवते. 412 म्हणजे मला 409 ते 414.

व्हॉल्यूमबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. ज्या दिवशी 412 फुटला त्या दिवशी उलाढाल आधीच्या पाच आठवड्यांपेक्षा ठळक वाढलेली होती का, हे एकदा मागे जाऊन बघ. आणि फुटला म्हणजे बंद भाव वर होता, की दिवसात वर जाऊन परत खाली आला? कॅन्डल चारच आकडे सांगते: उघडला कुठे, वर कुठवर, खाली कुठवर, बंद कुठे. आधी वर जाऊन मग खाली आला की आधी खाली जाऊन मग वर आला, हे एका कॅन्डलमधून कळत नाही. म्हणून मी निर्णय घेताना बंद भावाला जास्त मान देते.

आता तुझे ते 'सगळ्यांचे होकार'.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे मागच्या ठरावीक दिवसांच्या बंद भावांची सरासरी. 50 दिवसांची साधी सरासरी म्हणजे ढोबळमानाने 25 दिवसांपूर्वीचा मध्यबिंदू, ती उशिराच वळणार. एमएसीडी म्हणजे 12 आणि 26 दिवसांच्या अशाच दोन सरासऱ्यांमधलं अंतर, फक्त त्यांत ताज्या भावांना जास्त वजन असतं. आरएसआय वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडला. 14 दिवसांत बंद भाव सरासरी किती चढले आणि किती उतरले, त्यांचं ते प्रमाण आहे, 0 ते 100 मध्ये बसवलेलं. स्टोकॅस्टिक सांगतो की आजचा बंद भाव अलीकडच्या उच्चांक-नीचांकाच्या पट्ट्यात कुठे बसतो. बघितलंस का? चारही जण एकाच भावाकडून ऐकून आलेत. एकाच माणसाने सांगितलेली बातमी चार तोंडांनी कानावर आली म्हणून ती चारपट खरी होत नाही. उलट सगळ्यात उशिरा बोलणाऱ्याची वाट बघताना तू 412 ऐवजी 419 ला घेतलंस.

सगळं काढून टाक असं मी म्हणत नाही. भाव, व्हॉल्यूम आणि एखादी सरासरी ठेव. चौथी गोष्ट हवीच असेल तर एटीआर लाव. तोही वाइल्डर यांचाच. तो दिशा सांगत नाही, हा शेअर दिवसाला साधारण किती हलतो एवढंच सांगतो. तुला नेमकी त्याचीच गरज आहे.

तुझा दुसरा सौदा मला पहिल्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. लाखाचे बहात्तर हजार झालेत. एकेक टक्क्याच्या तोट्यांनी एवढा खड्डा आठ महिन्यांत पडायला सलग बत्तीस-तेहतीस सौदे चुकावे लागतात. तसं झालेलं नसावं. बहुतेक रक्कम या एका शेअरमध्ये अडकली आहे, हो ना? पहिल्या खरेदीच्या वेळी एक टक्का धरला असशील, पण 'आणखी पडल्यावर आणखी घेतला' तेव्हा तो नियम सुटला.

आरएसआय 30 च्या खाली गेला याचा अर्थ विक्री जोरात चालली आहे, एवढाच. 'खूप पडला, आता वळेल' हे त्याच्यात कुठेही लिहिलेलं नाही. जोरदार मंदीत तो आठवडेच्या आठवडे खालच्या अंगाला राहतो आणि मधे 50-55 पर्यंत डोकं वर काढून पुन्हा बुडतो. आडव्या बाजारात 30 आणि 70 कामाला येतात. धावत्या बाजारात तेच आकडे फसवतात. म्हणून आरएसआय बघण्याआधी बाजार आडवा आहे की धावतोय, हे ठरवावं लागतं.

ते ठरवायला इंडिकेटर लागत नाही. कागद हातभर लांब धर. मागचे ठळक उच्चांक एकापेक्षा एक चढते आहेत का? नीचांकही चढते आहेत का? दोन्ही चढते असतील तर तेजी, दोन्ही उतरते असतील तर मंदी, बाकी सगळं आडवं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी चार्ल्स डाऊ वर्तमानपत्रात लिहायचे, त्यांच्या लेखनातून पुढच्या लोकांनी हा विचार बांधला. त्यात बाजाराच्या तीन चालींना समुद्राची उपमा आहे: भरती-ओहोटी, लाटा आणि पाण्यावरचे तरंग. तू पाच मिनिटांच्या चार्टवर तरंग मोजतोस आणि ओहोटीत उभा राहतोस, असा माझा अंदाज आहे. आधी आठवड्याच्या कॅन्डल बघ, मग दिवसाच्या. दोघी एका दिशेला नसतील तर तो शेअर सोडून दे, शेअर ढिगाने आहेत. आठवड्याचा चार्ट काही वर्षांचा असेल तर तो लॉग स्केलवर (जिथे सारख्या टक्क्यांना सारखी उंची मिळते) लाव, नाहीतर 100 चा 200 झालेला बुटका दिसतो आणि 1000 चा 1100 झालेला तेवढ्याच उंचीचा.

अंगावरच्या शेअरचं काय करायचं? चार्टवर तुझ्या सरासरी खरेदीभावाची जी रेघ दिसते ती पुसून टाक. बाजारात ती तुझ्याशिवाय कुणालाच दिसत नाही, आणि तुला ती दिसते म्हणूनच तू 'माझा भाव आला की सुटतो' म्हणत बसलायस. आता उरलेला चार्ट बघ. दिवसाच्या कॅन्डलवर शेवटचा उतरता उच्चांक कुठला, शेवटचा नीचांक कुठला? नीचांकाच्या खाली बंद झाला तर सगळे विकून मोकळा हो. आजच्या भावापासून त्या नीचांकापर्यंतचं अंतर गुणिले तुझे शेअर, हा आकडा बहात्तर हजारांच्या एक टक्क्यापेक्षा, म्हणजे 720 पेक्षा मोठा येत असेल, आणि तो येणार असं मला वाटतं, तर तो 720 च्या आत येईल इतके शेअर आजच कमी कर. उरलेल्यांसाठी वरच्या उच्चांकाची वाट बघ. तो बंद भावाने ओलांडला तरच मंदीची साखळी तुटली असं म्हणता येईल. तोवर एकही शेअर नवा घ्यायचा नाही.

'शेवटी वर येतंच' हे तुला कुणीतरी ऐकवलं असेल. जपानच्या निक्केई निर्देशांकाने 1989 च्या अखेरीस 38,915 चा उच्चांक केला आणि तो ओलांडायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं. आणि तो मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक होता, ज्यातल्या कमजोर कंपन्या काढून नव्या घेतल्या जातात. एकट्या शेअरला तो आधारही नसतो. तोट्याचं गणितही सरळ नसतं. 28 टक्के गेल्यावर मूळ जागी यायला सुमारे 39 टक्के लागतात, 50 गेले तर 100.

आता तुला एक काम सांगते, ते खरोखर कर, नुसतं वाचून पुढे जाऊ नकोस. एक नाणं घे, शंभर वेळा उडव. छापा पडला की एक घर वर, काटा पडला की एक घर खाली, असा आलेख काढ. शिकागो विद्यापीठातले हॅरी रॉबर्ट्स यांनी 1959 मध्ये असंच काहीसं केलं होतं, यादृच्छिक आकड्यांपासून बाजाराचे आलेख काढले, आणि ते खऱ्या आलेखांसारखेच दिसले. तुझ्या आलेखातही तुला सपोर्ट दिसेल, ब्रेकआउट दिसेल, कदाचित चार्टवाल्यांची ती दोन खांदे आणि मधे डोकं अशी आकृतीही दिसेल. ते बघून झालं की पुढच्या वेळी चार्टवर आकृती सापडल्याचा आनंद होताना हात जरा थांबेल. माझा थांबतो. आकृती दिसली म्हणजे पुढचं कळलं असं होत नाही. आकृतीमुळे मला एवढंच मिळतं की एक भाव ठरवता येतो, ज्याच्या पलीकडे मी चुकलेली असेन, आणि तो माझ्या खरेदीच्या जवळ असेल तर सौदा परवडतो.

त्याच आलेखात आणखी एक गोष्ट मोज: सलग किती काटे पडले? शंभर वेळा उडवल्यावर कुठेतरी लागोपाठ पाच किंवा जास्त काटे पडण्याची शक्यता सुमारे 81 टक्के असते. म्हणजे तुझी पद्धत निम्म्या वेळा बरोबर ठरणारी, चांगली असली, तरी शंभर सौद्यांत लागोपाठ पाच तोटे जवळपास धरूनच चालायचे. तिसऱ्या तोट्यानंतर पद्धत बदलणारा माणूस कुठलीच पद्धत तपासत नसतो.

स्टॉपलॉसबद्दल एक धोका सांगायचा राहिला. भाव उडी मारून गेला तर स्टॉपलॉस ठरलेल्या भावाला लागत नाही, जो भाव मिळेल त्याला लागतो. 15 जानेवारी 2015 ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोसमोर धरून ठेवलेली 1.20 फ्रँकची मर्यादा अचानक काढली. काही मिनिटांत फ्रँक इतका उसळला की कित्येकांचे स्टॉपलॉस मधल्या भावांना लागलेच नाहीत, फार लांब जाऊन लागले. उधारीच्या पैशावर मोठे सौदे केलेल्यांच्या खात्यात शून्याच्याही खाली रक्कम गेली. म्हणून कंपनीचे निकाल तोंडावर असताना मी नवा सौदा करत नाही, आणि उसन्या पैशांवर तू सध्या एकही करू नयेस.

नोकरीचं. नको सोडूस. ब्राझीलमधल्या अभ्यासकांनी तिथल्या फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचे करार) रोजच्या रोज सौदे करणाऱ्यांचे व्यवहार तपासले, तेव्हा 300 हून जास्त दिवस टिकून राहिलेल्यांपैकी 97 टक्के लोक तोट्यात निघाले. ते दिवसभर लक्ष देत होतेच. तुझ्या दोन्ही सौद्यांत लक्ष कमी पडलं असं मला कुठे दिसत नाही. आणि पगार बंद झाला की महिन्याच्या खर्चासाठी सौदा शोधायला लागशील. ज्या महिन्यात बाजार आडवा असेल त्या महिन्यात हात बांधून बसणं तुला परवडणार नाही. तुझा पगार तुला ती मोकळीक देतोय.

बाजार बंद झाल्यावर संध्याकाळी अर्धा तास, फक्त दिवसाच्या आणि आठवड्याच्या कॅन्डल. पाच मिनिटांचा चार्ट फोनमधून काढून टाक. एक वही कर आणि सौदा करण्याआधी त्यात तीन गोष्टी लिही: माझं म्हणणं काय, कुठल्या भावाला ते मोडलं असं मानीन, आणि त्या अंतरावरून शेअर किती येतात. तिसरा आकडा नेहमी शेवटी. सौदा संपल्यावर किती मिळाले किंवा गेले ते 'धोक्याच्या किती पट' असं लिही: हजाराचा धोका घेऊन अठराशे मिळाले तर 1.8, पूर्ण गेले तर उणे 1. पहिले वीस सौदे पैसे न लावता कागदावर कर, पुढचे तीस अगदी छोट्या रकमेने.

पन्नास नोंदी झाल्या की त्या शेवटच्या रकान्याची बेरीज कर आणि वहीच्या पानांचे फोटो मला पाठव. ज्या सौद्यांत स्टॉपलॉस लागून भाव पुन्हा तुझ्या दिशेने गेला, त्यांच्यापुढे लाल खूण कर. आधी तेच बघू.